जुन्या खेळातले नवे भिडू

विटीदांडू कोणी शोधून काढला हे कोणालाच सांगता येणार नाही. लगोरी, आट्यापाट्या, हुतूतू यांचीही तीच गोष्ट. या खेळांना मालक नाही, आणि त्यांचे नियमही कोणी छापून घरोघर वाटलेले नाहीत. आळीतली मोठी पोरे खेळत असतात, एखादे धाकटे पोर काठावर उभे राहून आशाळभूतपणे पाहत असते, मग त्यांच्यातलाच कोणी म्हणतो, "घ्या रे त्याला, कच्चे लिंबू म्हणून घ्या." कच्चे लिंबू बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याची चूक कोणी मोजत नाही. दोन-चार महिने असे गेले की तेच पोर पक्का गडी होते आणि पुढच्या कच्च्या लिंबाला आत घेते. आपले देशी खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते या एका सोयीच्या जोरावर. ज्या आळीत ती सोय संपली, तेथे खेळही संपला.

संगणकावरच्या खेळाला असे भाग्य सहसा लाभत नाही. तो कंपनीत जन्मतो, दुकानात विकला जातो, आणि ज्या यंत्रासाठी केला ते यंत्र मोडीत निघाले की त्याच्याबरोबर जातो. दहा वर्षे टिकला तरी पुष्कळ झाले. परंतु एक खेळ असा आहे की ज्याची जन्मतारीख नोंदलेली आहे, ज्याच्या मूळच्या यंत्रांची केव्हाच भंगारात रवानगी झाली आहे, आणि तरीही ज्यात जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे कोणीतरी नव्या खोल्या, नवे जिने आणि नवे दरवाजे बांधीत बसलेले असते. त्याचे नाव 'डूम'. त्याला तीस वर्षे उलटून गेली. तो अजून कसा चालतो याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा आळीतल्या त्या कच्च्या लिंबाची वारंवार आठवण झाली. म्हणून हा इतिहास फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

खेळाची कथा दोन ओळींची आहे. मंगळाच्या चंद्रावर माणसांनी उभारलेल्या तळात नरकाचे दार उघडते, राक्षस बाहेर पडतात, आणि एकटा उरलेला सैनिक हाती बंदूक घेऊन त्यांच्याशी झुंजतो. खेळ रक्तपाताचा आहे, मोठ्यांसाठी आहे, आणि तो लहान मुलांच्या हाती द्यावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. मला कुतूहल आहे ते त्या राक्षसांच्या भोवती जमलेल्या माणसांचे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस शहराजवळ मेस्किट नावाचे गाव आहे. तेथे 'इड सॉफ्टवेअर' या चिमुकल्या कंपनीत हा खेळ तयार झाला. प्रोग्रॅमचे मुख्य काम जॉन कारमॅक यांचे. खेळाच्या रचनेत जॉन रोमेरो, सँडी पीटरसन प्रभृतींचा हात. १० डिसेंबर १९९३ या दिवशी तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवायचा होता. वाट पाहणाऱ्यांची तेथे एवढी झुंबड उडाली, की खेळ घेऊन आलेल्या कंपनीच्याच माणसाला आत शिरायला जागा मिळेना! खेळाचा पहिला भाग फुकट, आणि तो आवडला तर पुढचे भाग पैसे भरून मागवायचे, अशी त्या काळची रीत होती.

आता 'मॉडिंग' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. दुसऱ्याने केलेल्या खेळात आपल्या मनाप्रमाणे फेरफार करणे, याला मॉडिंग म्हणतात. ही खोडी डूमच्या आधीची आहे. १९८१ साली 'कॅसल वुल्फेन्स्टाइन' नावाचा एक खेळ निघाला होता. १९८३ मध्ये काही अमेरिकन तरुणांनी त्यातल्या नाझी पहारेकऱ्यांच्या जागी व्यंगचित्रांतले निळे बुटके 'स्मर्फ' आणून बसवले. पुढे १९९२ साली इड कंपनीने 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' काढला, तेव्हा एकाने त्यातल्या खलनायकाच्या जागी अमेरिकन बाळगोपाळांचा लाडका जांभळा डायनोसोर, बार्नी, उभा केला. परंतु या उद्योगात एक अडचण होती. फेरफार करायचा तर खेळाच्या मूळ फाइलींवरच घाव घालावा लागे. नवी मूर्ती बसवायची म्हणून जुनी फोडायची, असला तो प्रकार.

दुसरा एखादा कारखानदार अशा खोडकरांवर वकील सोडता. कारमॅक यांना मात्र मौज वाटली, आणि डूम रचताना त्यांनी या खोडकरांची व्यवस्थाच करून ठेवली. खेळ चालवणारे इंजिन एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज ही सारी सामग्री दुसरीकडे, अशी त्यांनी विभागणी केली. ज्या फाइलीत ही सामग्री ठेवली तिला नाव दिले 'वॅड'. 'सगळी सामग्री कुठे आहे?' अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे. बारसे करणारे टॉम हॉल. तुम्ही आपली छोटी वॅड वेगळी तयार करायची आणि खेळ सुरू करताना तिचे नाव सांगायचे. तेवढ्यापुरती ती मूळ सामग्रीवर पसरते, आणि खेळ संपला की मूळ जसेच्या तसे. अंगणात सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळी पुसावी आणि अंगण पुन्हा मोकळे व्हावे, तसेच हे. अंगण मोडेल ही धास्ती गेली की नवख्याचा हात धीट होतो.

कंपनीतल्या सगळ्यांनाच हे पसंत होते असे नाही. आपल्याच मालावर परक्यांनी कारागिरी करावी, यात धंद्याचे काय, अशी शंका काहींना आली. अखेर तोड निघाली ती अशी : फुकट मिळालेल्या पहिल्या भागावर कोणाची वॅड चालणार नाही, ज्याने पूर्ण खेळ विकत घेतला त्याच्याकडेच ती चालेल. धंदाही राहिला आणि दारही उघडे राहिले.

दार उघडे होते खरे, पण आत जायला पायरी नव्हती. नकाशे आखण्याचा कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम 'नेक्स्ट' नावाच्या महागड्या यंत्रावर चालणारा. ते यंत्र सामान्य माणसाच्या घरी कोठून असणार? ही पायरी खेळाडूंनी स्वतः बांधली. न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर आणि बेल्जियममधील राफाएल किने या दोघांनी मुख्यत्वे खपून १९९४ च्या जानेवारीत, म्हणजे खेळ निघाल्यावर दोन महिन्यांच्या आत, नकाशे बनवण्याचा एक 'संपादक' तयार करून जगाला फुकट देऊन टाकला. (येथे संपादक हा प्रोग्रॅम आहे, लेख साभार परत करणारा नव्हे!) मॅट फेल नावाच्या आणखी एका गृहस्थाने वॅडची अंतर्गत रचना उलगडून तिची सविस्तर माहिती लिहून काढली आणि तीही वाटून टाकली. मार्च १९९४ मध्ये जेफ्री बर्ड यांनी एक लहानसा नकाशा प्रसिद्ध केला. खेळाडूंनी केलेली पहिली वॅड म्हणून सामान्यतः त्याचाच मान आहे. यातल्या एकाचेही या कामावर पोट नव्हते. आपल्याला सापडलेली वाट दुसऱ्याला दिसावी, एवढीच त्यांची इच्छा.

या खेळाचा एक गुण नवशिक्याच्या विशेष पथ्यावर पडला. डूममध्ये आपण खऱ्याखुऱ्या महालांतून फिरतो आहोत असे वाटते, पण त्याचा नकाशा वरून पाहिलेल्या घराच्या आराखड्यासारखा सपाट असतो. चार रेषा जोडल्या की खोली झाली. त्या खोलीला जमिनीची उंची सांगितली, छताची उंची सांगितली, उजेड किती ते सांगितले, की झाला एक 'सेक्टर'. एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही; ही या इंजिनाची उणीव, पण शिकणाऱ्याला तीच सोय. भूमिती-पेटी हाताळलेल्या मुलाला चौकटीच्या वहीवर डूमचा नकाशा काढता येईल. आजच्या मोठ्या खेळांत एक महाल उभा करायला निष्णात कारागिरांचा ताफा लागतो. येथे एकटा माणूस रविवारच्या दुपारी बसतो आणि दिवेलागणीला आपण बांधलेल्या खोलीत फिरून येतो. पहिल्याच दिवशी हाताला फळ लागणे, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रत्येक वॅडबरोबर एक साधे टिपण जोडण्याची पद्धतही लवकरच रूढ झाली. त्यात ठराविक रकाने असतात : नकाशाचे नाव, कर्त्याचे नाव, काम कोऱ्या पाटीवरून केले की दुसऱ्याच्या नकाशावरून, किती वेळ लागला, कोणता संपादक वापरला, ठाऊक असलेल्या चुका कोणत्या, कोणाकोणाचे आभार; आणि शेवटी, या नकाशाच्या पायावर दुसऱ्याने पुढचे काम करावे की करू नये. ही टिपणे चाळताना मला फार गंमत वाटते. "हा माझा पहिलाच नकाशा" अशी कबुली कितीतरी ठिकाणी भेटते. 'ठाऊक असलेल्या चुका' हा रकाना तर आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातही असावा. आपली उणीव आपणच आधी लिहून मोकळे झाले की टीकेची धार निम्मी बोथट होते.

या कच्च्या लिंबांतून पक्के गडी निघाले ते कंपनीच्याही नजरेत भरले. टिम विलिट्स यांनी हौसेने केलेले नकाशे पाहून इडने १९९५ साली त्यांना नोकरीवर घेतले. १९९६ मध्ये कंपनीने 'फायनल डूम' विकायला काढला, तो सबंध खेळाडूंच्याच हातचा होता. त्यातला अर्धा भाग डॅरिओ आणि मायलो कसाली या बंधूंचा. डॅरिओ पुढे 'व्हॉल्व्ह' कंपनीत गेले आणि 'हाफ-लाइफ' या गाजलेल्या खेळाच्या कामात सहभागी झाले. उरलेला अर्धा भाग 'टीम टीएनटी' या हौशी मंडळीने केलेला. तो मुळात सर्वांना फुकट मिळायचा होता. ऐन वेळी कंपनीने तो विकत घेतल्याने वाट पाहणारे पुष्कळ जण नाराज झाले. हौसेच्या अंगणात पैसा आला की अशी कुरबूर व्हायचीच. तथापि नवख्यांना त्यातून एक गोष्ट कळली : येथून पुढे वाट जाते.

आणि मग म्हातारपण आले. १९९६ च्या जूनमध्ये याच कंपनीने 'क्वेक' काढला. त्यात खोलीवर खोली बांधता येत होती, राक्षसही अंगापिंडाने भरीव होते. मंडळी तिकडे धावली. डूम संपायचा तो येथेच. पण २३ डिसेंबर १९९७ रोजी कारमॅक यांनी खेळाच्या इंजिनाचा मूळ प्रोग्रॅमच सर्वांसाठी खुला केला, आणि १९९९ मध्ये त्यावर मुक्त परवान्याची मोहोर उठवली. आता केवळ अंगणच नव्हे, घराचा पायाही लोकांच्या हाती आला. १९९८ साली टीम टीएनटीने इंजिनाची 'बूम' ही सुधारलेली आवृत्ती काढली. त्याच वर्षी 'डूमवर्ल्ड' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पांगलेल्या मंडळींना बसायला पार मिळाला.

अशा पारावर जे घडते ते तेथेही घडले. जुनी मंडळी वाकबगार झाली, आणि वाकबगार माणसाला नवशिक्याची चूक दुरूनच दिसते. डूममध्ये दार वर सरकते. दाराच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीला एक खूण करून ठेवावी लागते. ती विसरली तर दाराबरोबर चौकटही वर सरकताना दिसते. जवळपास प्रत्येक नवशिका ही खूण विसरतो. दुसरी चूक याहून त्रासाची. मूळ खेळात एका दृष्टिक्षेपात जमिनीचे आणि छताचे १२८ पेक्षा अधिक वेगवेगळे तुकडे आले, तर खेळ तेथल्या तेथे बंद पडतो. बिचारा नवखा हौसेने भव्य चौक बांधतो, पायऱ्या करतो, खांब उभारतो, आणि पहिल्याच फेरीत सारा डोलारा नाहीसा होऊन पडद्यावर इंग्रजीत एक रूक्ष वाक्य उरते.

अशा वेळी त्याने कामाची पहिली वॅड पारावर आणून ठेवली, तर त्याला काय उत्तर मिळते? सारा प्रश्न येथे आहे. उत्तरे तीन तऱ्हेची असत. एक टिंगलीचे, जुन्या परीक्षणांत खोचक शेरे पुष्कळ सापडतात, आणि वाचणाऱ्याला त्यांची गंमतही वाटते, ज्याच्यावर आहेत तो सोडून. दुसरे तोंडदेखल्या कौतुकाचे : "छान आहे, करत राहा." ते गोड लागते, पण त्याने चौकट सरकायची थांबत नाही. तिसरे उत्तर असे : "तुझा चौक मी दोनदा फिरून पाहिला. डावीकडच्या खिडकीतून पुढचे तळघर दिसते, ही कल्पना चांगली आहे. दाराच्या बाजूच्या रेषांना अमुक खूण कर, म्हणजे चौकट जागच्या जागी राहील." पहिल्या उत्तराने माणूस जातो. दुसऱ्याने तो राहतो, पण वाढत नाही. तिसऱ्याने तो दुसरा नकाशा करायला बसतो. तीस वर्षांत या खेळाची जी वाढ झाली ती या तिसऱ्या उत्तराच्या आधाराने झाली, असे माझे मत आहे. मास्तरकीच्या व्यवसायात वह्यांचे गठ्ठे तपासताना हाच अनुभव येतो. लाल शाईने नुसती फुली मारलेली वही मूल मिटून ठेवते; फुलीशेजारी चार शब्द लिहिले तर ते वही घेऊन टेबलापाशी येते.

मात्र केवळ गोड बोलण्याने भागत नाही, नवख्याला झेपेल असे कामही द्यावे लागते. २००० साली एक स्पर्धा झाली, 'टेन सेक्टर्स'. अट एकच : नकाशात दहाहून अधिक सेक्टर वापरायचे नाहीत. पुढे कोणी अट घातली की सारा नकाशा १०२४ मापांच्या चौरसात मावला पाहिजे. कोणी ठराविक तासांत नकाशा पुरा करण्याच्या बैठका भरवल्या. दिसायला हे निर्बंध. प्रत्यक्षात ती नवशिक्याची सुटका. 'काहीही बांध' म्हटले की तो किल्ला बांधायला घेतो आणि बुरुजातच दमतो. 'दहाच तुकडे' म्हटले की काम शेवटाला जाते. शिवाय वस्ताद आणि चेला दोघांपुढे तेवढाच कागद. कुंभाराच्या घरी पोराला पहिल्या दिवशी रांजण देत नाहीत, पणती देतात.

२००४ पासून डूमच्या मंडळीत 'काकोवॉर्ड्स' नावाचे वार्षिक गौरव सुरू झाले. खेळातल्या 'काकोडीमन' या गोल राक्षसाच्या नावावरून हे नाव. खेळाच्या वाढदिवसाला, १० डिसेंबरला, वर्षातल्या उत्तम कामांची यादी जाहीर करण्याचा प्रघात पडला. उत्तमाची दखल घेतली गेली म्हणून कारागिरी चढत गेली. आज होणाऱ्या कित्येक नकाशांपुढे मूळ कर्त्यांचे काम साधे वाटावे इतकी. परंतु या उंचीचा एक तोटा असा की पायथ्याशी उभ्या असलेल्याला धडकी भरते. पाच-पाच वर्षे घासून केलेली वॅड पाहिल्यावर दोन खोल्या घेऊन पुढे येणारा कोण? येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की जुन्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. सर्वांना सर्वत्र घेतले तर चांगल्याची चाड उरत नाही. ख्यालाच्या मैफलीत सरगम घोटणारे पोर बसवता येत नाही.

यावर २०२१ साली एक छान तोड निघाली. 'रॅबिट्स ऑल-कमर्स मॅपिंग प्रोजेक्ट', लघुनाव 'रॅम्प'. ऑल-कमर्स म्हणजे आपल्या भाषेत, येईल तो आपला. दर्जाची चाळणी नाही. नवखा असो की मुरलेला, ज्याचा नकाशा चालतो त्याला संग्रहात जागा. दोनशेहून अधिक नकाशे आले. किती जणांनी त्या निमित्ताने आयुष्यातला पहिला दरवाजा बसवला! पुढच्या वर्षी हा उपक्रम पुन्हा झाला. मैफलीचा मान मैफलीपाशी राहिला, आणि शेजारच्या ओसरीवर सरगमाला जागा झाली. काकोवॉर्ड्स आणि रॅम्प या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी नाहीत. एकीने वर पाहायला शिकवले, दुसरीने पाय ठेवायला जागा दिली. आणि ज्या मंडळीत यांपैकी एकच असते ती फार दिवस टिकत नाही.

नव्याला आत घेण्याचे फळ कधी कधी अनपेक्षित दिशेने परत येते. 'डूम बिल्डर' नावाचा, वापरायला सोपा असा संपादक एका खेळाडूने तयार केला होता; नंतर त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या इतरांनी काढल्या. त्यात आपल्या नकाशात फिरता फिरताच भिंती नीट करता येतात. २०१६ च्या जानेवारीत जॉन रोमेरो, म्हणजे मूळ खेळाच्या कर्त्यांपैकीच एक, यांनी एकवीस वर्षांनी डूमचा नवा नकाशा केला, तो याच साधनाने. २०१९ मध्ये 'सिजिल' आणि खेळाच्या तिसाव्या वाढदिवशी, २०२३ साली, 'सिजिल दोन' असे त्यांचे आणखी संग्रह आले. ज्याने घर बांधले तोच पुढे पाहुण्यांनी केलेल्या करवतीने आपले लाकूड कापू लागला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये डूमची नवी अधिकृत आवृत्ती निघाली. ती करणाऱ्या 'नाइटडाइव्ह' कंपनीतील काही जण याच अंगणात लहानाचे मोठे झालेले. तीत खेळाडूंच्या वॅड थेट खेळातूनच मिळवण्याची सोय झाली; संपादकाचे नावही न ऐकलेल्या माणसापर्यंत हौशी कारागिरांचे काम पोचू लागले. परंतु लगोलग तक्रार उठली, की दुसऱ्याच्या वॅड कर्त्याला न विचारता तेथे चढवल्या जात आहेत. मला त्या जुन्या टिपणातला शेवटचा रकाना आठवला : हे काम पुढे कोणी वापरावे की वापरू नये. नवख्याला आपण काय देतो? चार खुणा शिकवतो, शाबासकी देतो, हे खरे. पण त्याचे नाव त्याच्या कामावर राहील, ही हमीही द्यावी लागते. ती नसेल तर शाबासकी पोकळ ठरते.

वाचकहो, ज्यांनी १९९४ साली पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिली वॅड केली ते आज पन्नाशीकडे झुकले आहेत. त्यांचे डोळे थकतील, संसार ओढतील, काही जण निरोप न घेताच निघून जातील, काही गेलेही. हा खेळ पुढे किती वर्षे चालेल हे यंत्रांवर अवलंबून नाही. यंत्रांची तोड काढणारे कोणी ना कोणी निघतच आले आहे. ज्या दिवशी एखादे अनोळखी पोर दोन खोल्यांचा वेडावाकडा नकाशा घेऊन पाराशी येईल, दारांबरोबर त्याच्या चौकटीही सरकत असतील, आणि ते दार स्वतः उघडून पाहायला कोणाला सवड नसेल, त्या दिवशी डूम जुना होईल. आजवर कोणाला ना कोणाला ती सवड मिळाली आहे.